कॉलेजात वांशिक भेदभाव झाला तर काय करायचं: नव्या विद्यार्थ्यांसाठी एकेक पायरी

सत्राचा पहिला आठवडा. सर सांगतात, "चार-चार जणांचे गट करा." दोन मिनिटांत खुर्च्या सरकतात, गट जमतात आणि एक मुलगी आपल्या जागेवर तशीच बसून राहते. तिला कुणी शिवी दिलेली नाही, कुणी तोंडावर नकोही म्हटलेलं नाही. तिचा रंग, तिचं नाव, तिचे उच्चार बघून प्रत्येकाने दुसऱ्याच कुणाला तरी खूण केली, एवढंच. आता ती तक्रार करणार तरी कसली?

कॉलेजात वंशभेद उघड शिवीगाळीतून येतो, तसा अशा गुपचूप वाटांनीही येतो. आणि दोन्ही वेळा एक अन्याय ठरलेला असतो. ज्याच्या वाट्याला हे येतं, त्यानेच बोलायचं, त्यानेच पुरावा जमवायचा, त्यानेच खेटे घालायचे, आणि वर बाकीच्यांना "यात वाईट काय होतं" हेही त्यानेच समजावून सांगायचं. ही वाटणी मला मान्य नाही. वर्गात पन्नास जण असतील तर हे काम पन्नास जणांचं आहे. म्हणून हा लेख सोसणाऱ्यासाठी आहे, बघणाऱ्यासाठी आहे आणि जो चुकीचं बोलून बसला त्याच्यासाठीही आहे. आपण यातले कोण, हे दर वेळी बदलू शकतं, त्यामुळे सगळंच वाचा.

पायरी १: जे घडलं ते ओळखा

"त्याचा तसा हेतू नव्हता" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. त्याचं उत्तर आधीच माहीत असू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी वांशिक भेदभाव निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमात व्याख्या आहे: वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला असा कोणताही फरक, वगळणूक, निर्बंध किंवा झुकतं माप, ज्याचा उद्देश किंवा परिणाम माणसाचे समान हक्क हिरावण्यात होतो. उद्देश किंवा परिणाम. म्हणजे हेतू चांगला होता की वाईट यावर वाद घालत बसायची गरज नाही, परिणाम काय झाला हेही तितकंच मोजलं जातं.

कॉलेजात हे साधारण अशा रूपांत दिसतं. कुणाच्या बोलण्याची नक्कल करून हशा पिकवणं. "तू मूळचा कुठला?" असं विचारणं, उत्तर मिळाल्यावर "नाही, पण खरा कुठला?" असं पुन्हा विचारणं. केसांना न विचारता हात लावणं. नाव कठीण म्हणून परस्पर दुसरंच नाव ठेवणं. "तुझ्यासारख्यांच्या मानाने तू फारच हुशार आहेस" ही शाबासकी. ओळखपत्र सगळ्यांकडे असतं, पण गेटवर ठरावीक चेहऱ्यांनाच ते दाखवायला सांगणं. गटात न घेणं, ग्रुपवर न घेणं, नोट्स न देणं.

यातला प्रत्येक प्रसंग सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो, आणि म्हणूनच सांगणाऱ्याला "फार मनाला लावून घेतेस" असं ऐकवलं जातं. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी १९७० मध्ये अशा बारीक, रोजच्या अपमानांना मायक्रोअॅग्रेशन हे नाव दिलं. त्यांचं म्हणणं हेच होतं की दुखापत एका टोच्याने होत नाही, टोचे साठत जातात. तुम्ही ऐकलेला विनोद तुमच्यासाठी आजचा पहिला असेल, समोरच्यासाठी तो या आठवड्यातला कितवा आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.

त्याचा परिणाम थेट अभ्यासावरही होतो. क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन यांनी १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अवघड परीक्षा एकच. काहींना सांगितलं की यातून तुमची बौद्धिक कुवत मोजली जाणार आहे, काहींना सांगितलं की प्रश्न कसे सोडवले जातात एवढंच बघायचं आहे. पहिल्या प्रकारात कृष्णवर्णीय विद्यार्थी त्यांच्याच तोडीच्या गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मागे पडले. दुसऱ्या प्रकारात ती तफावत खूपच कमी झाली. "हे लोक यात कच्चे असतात" हे हवेत असणंसुद्धा पेपर लिहिणाऱ्या हाताला जड करतं. म्हणून "शब्दांनी काय होतंय" असं कुणी म्हणालं, तर खुशाल सांगा की मार्क जातात.

पायरी २: त्या क्षणी काय करायचं

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तिथल्या तिथे उत्तर देणं हे तुमच्यावर बंधनकारक नाही. गप्प राहिलात म्हणून तुमची तक्रार कमकुवत होत नाही आणि तुम्ही भित्रेही ठरत नाही. समोरचा दारू प्यायलेला असेल, टोळकं असेल, आजूबाजूला माणसं नसतील, तर सरळ निघा, उजेडात आणि माणसांत या, सुरक्षा कर्मचाऱ्याला किंवा पोलिसांना फोन करा. अंगावर हात टाकला, धमकी दिली, तर तो गुन्ह्याचा मामला आहे. कॉलेजच्या समितीपर्यंत वाट बघायची नाही.

जिवाला धोका नसेल आणि बोलावंसं वाटत असेल, तर दोन-तीन वाक्यं आधीच तोंडपाठ ठेवा. ऐन वेळी राग आणि धक्का यांत शब्द सुचत नाहीत, घरी आल्यावर सुचतात.

"म्हणजे काय? मला कळलं नाही, परत सांग." विनोदाच्या आडून जे बोललं गेलं ते उघड्यावर समजावून सांगायची वेळ आली की बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

"हे बोलणं मला चालणार नाही. विषयावर ये." यात समोरच्याला कसलाच शिक्का मारलेला नाही. "तू वंशद्वेष्टा आहेस" म्हटलं की चर्चा त्याच्या स्वभावावर जाते, त्याचे मित्र त्याच्या चांगुलपणाचे दाखले द्यायला लागतात आणि मूळ वाक्य बाजूला पडतं. वाक्यावर बोट ठेवलं तर ते वाक्यच चर्चेत राहतं.

आणि तिसरं, "यावर मला आत्ता बोलायचं नाही." हे म्हणून उठून जाणं हेही पूर्ण उत्तर आहे.

बोलणारे शिक्षक असतील तेव्हा गणित वेगळं असतं, कारण तुमचे मार्क त्यांच्या हातात असतात. वर्गात तोंडी वाद घालण्यापेक्षा तासानंतर ईमेल करा: "सर, आज तासाला आपण अमुक वाक्य बोललात. त्यामुळे मला उत्तर द्यायला उभं राहणं अवघड गेलं. याबद्दल आपल्याशी बोलायचं आहे." भाषा आदराची, वाक्य जसंच्या तसं, आणि तारीख आपोआप नोंदलेली. भेटायला जाताना एखाद्याला सोबत न्या.

पायरी ३: त्याच दिवशी लिहून ठेवा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. आठवड्याने आठवण पुसट होते, महिन्याने साक्षीदार म्हणतात "नीट लक्षात नाही", आणि मेसेज डिलीट झालेले असतात. नोंद कशी असावी, याचा एक नमुना देतो.

"मंगळवार, दुपारी सव्वादोन, दुसऱ्या मजल्यावरची लॅब. टेबलाशी आम्ही पाच जण. गट ठरत असताना क्ष म्हणाला, 'हिला घेऊ नका, ह्या लोकांना काही येत नाही.' य आणि झ हसले. लॅब असिस्टंट शेजारीच होते, त्यांनी वर बघितलं पण काही बोलले नाहीत. मी म्हटलं, 'असं बोलू नकोस.' अडीचला मी बाहेर पडले, प्रयोग अर्धा राहिला. रात्री य चा मेसेज आला, 'अगं मनावर घेऊ नकोस, तो असाच आहे.' स्क्रीनशॉट ठेवला आहे."

या नोंदीत एकही विशेषण नाही हे बघा. बोललेले शब्द जसेच्या तसे आहेत, "अपमानास्पद बोलला" असा गोषवारा नाही. कोण कुठे होतं ते आहे. असिस्टंट गप्प बसले हे आहे, कारण कॉलेजचा माणूस समोर असून काही केलं नाही ही स्वतंत्र बाब होते. प्रयोग अर्धा राहिला हे आहे, म्हणजे नुकसान आहे. आणि य चा तो धीर देणारा मेसेज तर सगळ्यात मोलाचा, कारण प्रसंग घडला होता याची ती बाहेरून मिळालेली कबुली आहे.

लिहिलेली नोंद स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारीख-वेळ पक्की होते. कॉलेजच्या ईमेलवर नको, खासगी ईमेलवर. स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि आधीचे-नंतरचे मेसेज दिसू द्या. कापलेला, रंगवलेला, खुणा केलेला स्क्रीनशॉट पुढे शंकेला जागा देतो. गुपचूप आवाज रेकॉर्ड करण्याआधी मात्र तिथला कायदा बघा. काही ठिकाणी संभाषणातल्या सगळ्यांची संमती लागते, अमेरिकेतलं कॅलिफोर्निया हे त्यातलंच, आणि तिथे तक्रारदारच अडचणीत येऊ शकतो.

पुढे तक्रार करायची की नाही हे तुम्ही अजून ठरवलेलं नसलं तरी लिहा.

पायरी ४: कुणाला सांगायचं, आणि सांगण्याआधी काय विचारायचं

सांगणं आणि तक्रार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैत्रिणीला, समुपदेशकाला, वसतिगृहाच्या वॉर्डनला सांगितलं म्हणजे चौकशी सुरू झाली असं नव्हे. उलट काही पदांवरच्या लोकांना तुम्ही सांगितलेलं वर कळवणं सक्तीचं असतं. म्हणून तोंड उघडण्याआधी सरळ विचारा: "मी जे सांगेन ते तुमच्यापाशीच राहील का? कुणाकुणाला कळवावं लागेल?" हा प्रश्न उद्धट नाही. जाणकार माणूस त्याचं नीट उत्तर देतो, आणि उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्यापाशी बोलायचं नाही हे तुम्हाला कळतं.

कॉलेजागणिक कार्यालयाचं नाव बदलतं. कुठे समान संधी कक्ष, कुठे विद्यार्थी कल्याण, कुठे लोकपाल, कुठे विद्यार्थी संघटनेचं सल्ला केंद्र. संघटनेचं केंद्र असेल तर तिथे आधी जावं असं माझं मत आहे, कारण तिथला माणूस कॉलेजच्या नावाची काळजी करायला बांधलेला नसतो.

अनौपचारिक मार्ग आणि लेखी तक्रार यांत निवड करायची असते. अनौपचारिक म्हणजे विभागप्रमुखांनी समज देणं, समोरासमोर बोलणी, गट बदलून देणं. एखादं अडाणी वाक्य, पहिलीच वेळ, आणि समोरचा ऐकून घेणारा असेल तर हे लवकर आणि बरं होतं. प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल, धमकी असेल, किंवा ज्याच्या हातात मार्क आहेत त्यानेच केलं असेल, तर "आपसात मिटवा" या सल्ल्याला सरळ नकार द्या. दुबळ्या बाजूला समेटाच्या टेबलावर बसवणं म्हणजे तिच्याकडून पुन्हा एकदा गप्प बसणं वसूल करणं असतं.

लेखी तक्रार दोन पानांत बसवा. सुरुवात सरळ: "मी अमुक वर्षाची विद्यार्थिनी. अमुक तारखांना माझ्याबाबत झालेल्या वांशिक भेदभावाबद्दल ही तक्रार करत आहे." मग तारखेनुसार घटना, तुमच्या नोंदीतून. मग कॉलेजच्या आचारसंहितेतलं किंवा धोरणातलं नेमकं कलम, क्रमांकासह. मग नुकसान काय झालं: बुडलेले तास, सुटलेलं सबमिशन, सोडलेला गट. आणि शेवटी तुम्हाला काय हवं ते. हा भाग बहुतेक जणांकडून लिहायचा राहून जातो आणि मग "आम्ही दखल घेतली" या एका ओळीवर प्रकरण संपतं. माफी हवी, पेपर दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून हवा, सबमिशनला मुदतवाढ हवी, लॅबचा गट बदलून हवा, त्या माणसाने संपर्क करू नये असा आदेश हवा, जे हवं ते स्पष्ट लिहा. गट बदलायचा असेल तर समोरच्याचा गट बदला असं मागायला कचरू नका. सोसणाऱ्यानेच जागा का सोडायची?

दिल्याची पोच घ्या. निर्णय किती दिवसांत, तोवरची तात्पुरती व्यवस्था काय, आणि निर्णय पटला नाही तर अपील कुठे, हे तीन प्रश्न त्याच दिवशी लेखी विचारा. तक्रार केली म्हणून मार्क कापणं, त्रास देणं, संधी नाकारणं ही सूडाची कारवाई असते. अनेक देशांत कायद्याने ती स्वतंत्रपणे बेकायदा आहे, आणि मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी ती बेकायदाच राहते. असं काही झालं तर त्याचीही वेगळी नोंद करा.

कॉलेजने दाद दिली नाही तर बाहेरचे दरवाजे आहेत, पण त्यांना मुदती आहेत. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना वंश, रंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. तिथल्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार साधारणपणे घटनेपासून १८० दिवसांत करावी लागते. ब्रिटनमध्ये २०१० चा समता कायदा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया संपल्याचं पत्र मिळालं की त्यानंतर १२ महिन्यांच्या आत स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडे जाता येतं, कोर्टात जायची मुदत मात्र याहून बरीच कमी असते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला १ वर्ष मिळतं. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. रंग, वंश, जात, धर्म, प्रादेशिक मूळ, भाषा, जन्मस्थान यांवरून विद्यार्थ्याचा शारीरिक किंवा मानसिक छळ करणं, त्याला वगळणं हेही आता रॅगिंग ठरतं. हे अनेक विद्यार्थ्यांना ठाऊकच नसतं. रॅगिंग म्हणजे फक्त सीनियरने ज्युनियरला नाचवणं असं समजून ते गप्प राहतात.

कुठल्याही देशात असा, अंतर्गत चौकशी रेंगाळत असताना बाहेरची मुदत संपू देऊ नका. कॅलेंडरवर तारीख टाकून ठेवा.

आणि या सगळ्यात झोप उडते, जेवण सुटतं, वर्गात जावंसं वाटत नाही. समुपदेशकाकडे जाणं हे तक्रारीनंतरचं काम नाही, बरोबरीनेच करायचं काम आहे. लढायची ताकद आत्ता नसेल आणि तुम्ही तक्रार न करायचं ठरवलंत, तर तो निर्णयही तुमचाच आहे. त्याबद्दल कुणी तुम्हाला टोमणा मारू नये.

पायरी ५: तुम्ही बघणारे असाल तर

न्यूयॉर्कमध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं आणि बोलता बोलता एकाला झटका आल्यासारखा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतल्या ८५ टक्के जणांनी झटका संपायच्या आत मदतीसाठी धाव घेतली. आणखी चौघं ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त ३१ टक्के वेळेत उठले. माणसं दगडाच्या काळजाची नव्हती, प्रत्येकाला वाटलं दुसरा कुणीतरी जाईल. भरल्या वर्गात वंशद्वेषी शेरा ऐकून सगळे खाली बघतात तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. त्यावर उपाय एकच, "दुसरा कुणीतरी" म्हणजे मीच असं आधीच ठरवून ठेवणं.

करायचं काय? राइट टू बी ही संस्था पाच मार्ग शिकवते: लक्ष दुसरीकडे वळवणं, दुसऱ्याची मदत मागणं, नोंद ठेवणं, नंतर जाऊन विचारपूस करणं आणि थेट बोलणं. पाचही येत असायला हवेत असं नाही, आपल्या स्वभावाला झेपेल तो निवडा. भिडस्त माणसाला पहिला मार्ग उत्तम. कुणी एखाद्याच्या उच्चारांची नक्कल करतोय, तेव्हा त्या सोसणाऱ्याकडे वळून म्हणायचं, "ए, ते असाइनमेंट कितीपर्यंत आलं? चल, लायब्ररीत बसू." भांडण नाही, भाषण नाही, पण तो माणूस त्या घोळक्यातून बाहेर निघाला.

थेट बोलायचं असेल तर छोटं बोला. एकदा असं घडताना मी जवळून पाहिलंय. प्रॅक्टिकलच्या टेबलाशी एकाने एका परदेशी मुलाच्या वासावरून काहीतरी टाकलं, तीन जण हसले. चौथी मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "यात हसण्यासारखं काय होतं रे?" आवाज चढलेला नव्हता. हसणारे थांबले, आणि पुढची रीडिंग घ्यायला त्या मुलाला तिने जवळ बोलावलं. माझ्या मते बोलण्याइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच, ते जवळ बोलावणं महत्त्वाचं होतं.

नंतरची विचारपूस अवश्य करा. "मी ऐकलं ते. चुकीचं होतं. तुला काय हवंय? मी साक्ष द्यायला तयार आहे." एवढं पुरे. "अरे तो मनाने वाईट नाही" हे म्हणू नका, तुमच्या मित्राचं वकीलपत्र घ्यायची ती वेळ नव्हे. सोसणाऱ्याच्या वतीने परस्पर तक्रार करू नका, व्हिडिओ काढला असेल तर त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. त्याचा अपमान हजारो अनोळखी लोकांनी पुन्हा पुन्हा बघावा की नाही, हे त्यालाच ठरवू द्या.

पायरी ६: चूक तुमच्याकडून झाली असेल तर

कुणी येऊन सांगितलं की तुझं बोलणं लागलं, तर आधी ऐकून घ्या. मग माफी, तीन वाक्यांत: मी हे बोललो. ते चुकीचं होतं, माफ कर. पुन्हा होणार नाही. "तुला वाईट वाटलं असेल तर" हा शेपूट जोडू नका. तुमचा हेतू, तुमचे त्या वंशाचे मित्र, तुमचं बालपण, यातलं काहीही त्याला ऐकवू नका. त्याने माफ केलंच पाहिजे असंही नाही. ज्या चारचौघांत बोललात त्याच चारचौघांत चूक कबूल केलीत तर माफीला खरा अर्थ येतो.

पायरी ७: आपलंसं वाटणारं वातावरण कसं तयार होतं

वेगवेगळ्या वंशांची मुलं एका वर्गात कोंबली की आपोआप मैत्री होते, हा गैरसमज आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगून ठेवलं की संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचे तर काही अटी जुळाव्या लागतात: दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागायला हवी, आणि वरच्यांचा पाठिंबा उघड हवा. पुढे टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. संपर्क वाढला की पूर्वग्रह घटतो हे बहुसंख्य अभ्यासांत दिसलं, आणि जिथे या अटी जुळवून आणल्या होत्या तिथे परिणाम अधिक मोठा होता.

हे वर्गात कसं आणायचं त्याचा नमुना एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत दाखवला. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एकत्र आणली होती आणि वातावरण तापलं होतं. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा कळायचा तर प्रत्येकाचं ऐकणं भाग. ज्याला आधी चिडवत होते त्याचं बोलणं आता कान देऊन ऐकावं लागू लागलं. कॉलेजच्या प्रोजेक्टला हे जसंच्या तसं लागू पडतं. गट शिक्षकांनी पाडावेत, "तुमचे तुम्ही करा" म्हणू नये. प्रत्येकाचा भाग वेगळा आणि अपरिहार्य असावा. वर्ग प्रतिनिधी असाल तर सत्राच्या सुरुवातीलाच शिक्षकांकडे ही मागणी करा, सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगावर याहून सोपा इलाज नाही.

नावांचं म्हणाल तर, एकदा विचारा, उच्चार आपल्या लिपीत लिहून ठेवा, चुकलं तर दुरुस्त करा आणि पुढे चला. फार माफी मागत बसलात तर समोरच्यालाच तुमची समजूत घालावी लागते. नाव आणि संधी यांचं नातं किती घट्ट असतं ते मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांच्या २००४ च्या अभ्यासात दिसतं. बोस्टन आणि शिकागोतल्या कंपन्यांना त्यांनी सारख्याच योग्यतेचे अर्ज पाठवले. ज्यांवरची नावं गोऱ्यांची वाटत होती त्यांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. तुमच्या क्लबची, मासिकाची, महोत्सवाची निवड करताना पहिल्या फेरीत अर्जांवरची नावं झाका. एक्सेलचा एक कॉलम लपवायला मिनिटही लागत नाही.

ऑनलाइन परीक्षा घेणारी काही सॉफ्टवेअर चेहरा ओळखून आत सोडतात. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहरा बघून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत ती जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. त्यामुळे परीक्षेआधी सराव लॉगइन मागा, आणि कुणाला यंत्राने अडवलं तर वेळ वाढवून द्यायची सोय काय, हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. ही मागणी अडचण न येणाऱ्यांनी केली तर जास्त वजनदार ठरते.

सांस्कृतिक दिवस साजरे करावेत, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. वर्षातून एकदा पोशाख घालून स्टेजवर बोलावलेला मुलगा उरलेलं वर्षभर समितीत कुठे आहे ते बघा. खजिनदार कोण, निर्णय कोण घेतं, बैठकीची वेळ कुणाला जमत नाही, कुठल्या भाषेत गप्पा सुरू झाल्या की कोण बाजूला पडतं. वर्गात वंशाचा विषय निघाला की त्या वंशाच्या एकुलत्या एक विद्यार्थ्याकडे सगळ्यांनी वळून बघणं बंद करा. तो त्याच्या खंडाचा राजदूत म्हणून आलेला नाही, तुमच्यासारखाच डिग्री घ्यायला आलाय.

मोठे बदल एकजुटीनेच होतात. २०१५ मध्ये केपटाउन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सच्या पुतळ्याविरुद्ध मार्चमध्ये आंदोलन उभं केलं आणि ९ एप्रिलला पुतळा हलवला गेला. पुतळा महिन्यात हलतो. अभ्यासक्रम, शिक्षकभरती, फी यांना वर्षं लागतात, आणि तोवर आंदोलन करणारी तुकडी पास होऊन निघून गेलेली असते. म्हणून मागण्या, बैठकांची टिपणं, कॉलेजने दिलेली लेखी आश्वासनं एका ठिकाणी जपा आणि दर वर्षी ज्युनियर्सच्या हवाली करा.

पहिल्याच आठवड्यात करून ठेवायचं

कॉलेजचं भेदभावविरोधी धोरण डाउनलोड करून ठेवा. संकेतस्थळावरचं पान बदलू शकतं, म्हणून तारखेसह पीडीएफ. कॅम्पस सुरक्षेचा, समुपदेशकाचा आणि तक्रार घेणाऱ्या कार्यालयाचा नंबर फोनमध्ये टाका, आणि ते कार्यालय एकदा प्रत्यक्ष बघून या. कुठल्या मजल्यावर, कुठल्या वेळेत उघडं असतं ते माहीत असलं की वाईट दिवशी शोधाशोध होत नाही. वर्गातल्या अशा दोघांशी ओळख करून घ्या ज्यांच्याशी तुमचं एरवी बोलणं झालं नसतं, आणि पुढच्या वेळी सर गट करायला सांगतील तेव्हा आधी त्यांना हाक मारा.